पातळ आवाजाचे दोन आठवडे

माझ्या बेस गिटारचा अँप्लिफायर आणि त्याची स्पीकरची पेटी ठेवायला आमच्या घरात जागाच नव्हती, म्हणून आईने त्या दोघांना कामाला लावलं. बोरिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, दीड खोलीत आम्ही चार माणसं. त्यात ही कमरेएवढी उंच, काळ्या रेक्झिनने मढवलेली पेटी, आत वरखाली दोन मोठे स्पीकर, आणि तिच्या डोक्यावर अँप. आईने पेटीच्या बाजूला खिळा ठोकून घेतला आणि त्यावर फॉल-पिकोला आलेल्या साड्यांची पिशवी अडकवली. मी सराव केला की अँप छान कोमट व्हायचा, हे तिच्या लक्षात आल्यावर तर विचारूच नका. रविवारी आंबोळ्या करायच्या असल्या की शनिवारी संध्याकाळी ती पिठाचं पातेलं अँपवर आणून ठेवायची आणि मला म्हणायची, "वाजव गो थोडा, पीठ येवंदे." जगात कुठल्या वादकाला एवढ्या आग्रहाने वाजवायला बसवत असतील, मला ठाऊक नाही. आंबोळ्या मात्र जाळीदार व्हायच्या.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार, हे आता सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा आमच्या इमारतीत मला रोज कोणीतरी विचारायचं, "उजू, दोन तारा तुटल्या वाटतं तुझ्या?" मी या वाद्याकडे वळले ती निव्वळ आळसाने. मैत्रिणीबरोबर गिटार शिकायला गेले होते, तिथे कोपऱ्यात हे धूड उभं होतं. सहाऐवजी चारच तारा आहेत म्हटल्यावर सोपं असेल, असा मी हिशेब केला. पहिल्या दिवशी बोटांची सालं निघाली. पण सगळ्यात जाड तार सोडली तेव्हा जो खर्ज आला, तो कानात आलाच नाही, सरळ पोटात आला. मी हसायलाच लागले. आजही, या वयात, गुडघे आणि चष्मा सांभाळत मी ती तार छेडते तेव्हा तसंच हसू येतं, आणि सून म्हणते, आई एकट्याच काय हसताय?

शिकवायचे ते बावतीस अंकल. गोराईचे. तरुणपणी लग्नांतून, जत्रांतून खूप वाजवलेले, आणि बिघडलेलं वाद्य दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही या हट्टाने सगळी दुरुस्ती स्वतः शिकलेले. पुढे त्यांचा गुडघा कायमचा अडला, खाडी ओलांडून बोरिवलीला येणं बंद झालं, तेव्हा त्यांनी गिटार, अँप आणि पेटी मला देऊन टाकली. ती पेटी आम्ही लाँचमधून आणली. एक कोळीण पूर्ण वेळ तिच्यावर टेकून बसली होती. उतरताना म्हणाली, बाय, तुझं कपाट चांगलं दणकट आहे गो.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, मग अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले, पण मनाने माणूस गिरणीतच राहिला. यंत्राच्या बाबतीत अप्पा चुकत नाहीत हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य होतं. ते वाक्य मुख्यतः अप्पाच म्हणायचे, ही गोष्ट वेगळी. मिक्सर असो, शेजारच्या नाडकर्ण्यांचा पंखा असो, अप्पा आवाज ऐकून सांगायचे काय बिघडलंय, आणि ते बरोबर निघायचं. आई तेवढी कधीकधी पुटपुटायची, "बायकोचा बिघडला तां मात्र आयकाक येयत नाय."

गिरणीत खंडेनवमीला प्रत्येक कामगार आपापलं यंत्र सजवायचा. नुसतं हार घालून नाही. आदल्या दिवशी यंत्र उघडायचं, आतून पुसायचं, तेल द्यायचं, आणि मग पूजा. अप्पांनी ही रीत घरी आणली. दर खंडेनवमीला आमच्या चटईवर पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, आईचं शिलाईचं मशीन, मिक्सर, इस्त्री, भावाची सायकल असा संसार मांडला जायचा. ही गोष्ट घडली त्या वर्षी त्यात माझा अँप आणि पेटीही होती. अप्पांनी पेटीचं मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं, स्पीकर मऊ फडक्याने पुसले. आईने तेलात कालवलेलं कुंकू घेतलं आणि अनामिकेने जिथे जिथे तिला यंत्राचं कपाळ वाटलं तिथे टिळा लावला. पक्कडीला लावला, मशीनच्या चाकाला लावला. स्पीकरला कपाळ कुठे असतं? पण तिने शोधलं. मी नमस्कार केला, "फीडबॅकची शिट्टी येऊ देऊ नको देवा" असं काहीतरी म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे चापले. फार सुखाचा दिवस होता तो.

मी तेव्हा दिनूदादाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते. दिनूदादा आमच्याच गल्लीतला, दिवसा बँकेत आणि उरलेल्या वेळात ऑर्केस्ट्राचा राजा. पूजा, हळदी, सोसायट्यांचे वाढदिवस, काय मिळेल ते. तबला, ढोलक, दोन गायिका, एक गायक, कीबोर्डवर विनय, आणि बेसवर मी. मी एकटी मुलगी वादक, आणि त्याचं मला भारी अप्रूप. दसऱ्याच्या दिवशी दहिसरला कार्यक्रम होता. येताना टेम्पो खड्ड्यांतून असा काही नाचला की घरी येऊन लावून बघते तर खालचा स्पीकर बंद. अप्पांनी झाकण उघडलं. वायर सुटली होती, बाकी काही नाही. दहा मिनिटांत त्यांनी ती जोडली, कान लावून दोन्ही स्पीकर ऐकले, हात पुसले आणि म्हणाले, "घे. झकास."

त्याच आठवड्यात दिनूदादाने तालमीची जागा बदलली. आधी आम्ही त्याच्या मामाच्या गाळ्यात बसायचो, आता महापालिकेच्या शाळेचा हॉल मिळाला होता. तिथे पहिल्या तालमीला मी वाजवायला लागले आणि काहीतरी गेलं. आवाज येत होता, पण पातळ. तारेवर बोट आपटल्याची टकटक ऐकू येत होती, तिच्यामागचा खर्ज नव्हता. ताकात पाणी जास्त झालं की कसं लागतं, तसं. दिनूदादा म्हणाला, "हॉल मोठा आहे ना, आवाज पसरतो. जरा जोर लाव." मी लावला. अँपवरचं बेसचं बटण पूर्ण फिरवलं. पुढच्या तालमीला आणखी जोर लावला. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. आवाज पातळचा पातळ. तिसऱ्या तालमीला दिनूदादाने गाणं मध्येच थांबवलं. "उजू, काय झालंय तुला? बेस आहे का खुळखुळा?" सगळे हसले. मग तो जवळ येऊन हळू म्हणाला, आणि त्याने हळू म्हटलं म्हणूनच ते जास्त लागलं, "बघ, राग मानू नको. हे वाद्य ताकदीचं आहे. मुलीच्या बोटात तेवढा जोर नसतो. तुझी चूक नाही त्यात."

मी घरी येऊन अप्पांना म्हटलं, पेटी बिघडलीय. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनीच दुरुस्त केली होती ना! तरी उठले, मला वाजवायला लावलं, आधी वरच्या स्पीकरला कान लावला, मग खालच्या. "दोन्ही चालू आहेत. खरखर नाही, फाटलेला नाही. मशीन ओके." मग चष्मा काढून म्हणाले, "आता वाजवणाऱ्याचं बघा." ते थट्टेत म्हणाले होते हे मला आज कळतं. त्या दिवशी नाही कळलं. जो माणूस यंत्राच्या बाबतीत चुकत नाही त्याने यंत्र निर्दोष ठरवलं, मग उरलं कोण? मी! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आईने बाहेरून कडी वाजवली, "पाणी जाताला गो, रडूचा तर नळ बंद करून रड."

त्यानंतरचे दिवस मी चक्क वेडेपणा केला. रबराचा चेंडू आणून दाबत बसायची. कणीक मीच मळणार म्हणून आईशी भांडायची, बोटांना व्यायाम म्हणून. भाऊ म्हणायचा, आपल्याकडे चपात्या आता बेसच्या तालात होतात. मला हसू यायचं नाही. मी माझ्या हातांकडे बघत बसायची आणि मला ते खरंच बारके वाटायला लागले होते. याआधी तीन वर्षं याच बोटांनी वाजवत होते, तेव्हा जोर कुठून येत होता, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आपल्याबद्दल कोणी वाईट बोललं की किती पटकन पटतं ना! चांगलं बोललं तर पुरावा मागतो आपण.

मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीत दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आम्हाला मिळाला होता. दिनूदादाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. तो जिवाचं रान करत होता, त्याचंही चूक नव्हतं. दिवाळीच्या आठवडाभर आधी त्याने मला बाजूला घेतलं. "विनय डाव्या हाताने कीबोर्डवर बेस वाजवू शकतो. मुलुंडला तसंच करू या. शुक्रवारी शेवटची तालीम आहे, तोवर तुझा आवाज आला तर ठीक. नाही तर तू यावेळी खाली बसून ऐक." मी विचारलं, आणि त्यानंतर? तो म्हणाला, "त्यानंतर बघू." दिनूदादाच्या तोंडचं "बघू" म्हणजे काय हे ऑर्केस्ट्रात सगळ्यांना माहीत होतं. आधीचा ढोलकवाला त्याच "बघू"वर गेला होता. माझ्या हातून माझी जागा चालली होती, आणि कोणाशी भांडावं तेही कळत नव्हतं.

रविवारी सकाळी मी गिटार पाठीला लावली आणि गोराईची लाँच पकडली. बावतीस अंकल ओट्यावर पाय लांब करून बसले होते. त्यांची मराठी गोराईची, कानाला गोड, पण मला ती लिहिता यायची नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्याच भाषेत सांगते. मी भडाभडा सगळं ओकले. बोटं, जोर, हॉल, दिनूदादा, अप्पा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आतून आपला एक लहानसा, रेडिओएवढा अँप आणायला लावला, माझी गिटार, माझीच वायर त्याला जोडायला लावली. "वाजव."

मी वाजवलं. सवयीने ताकदीने वाजवलं. तो एवढासा डबा असा घुमला की ओट्याखालचं कुत्रं उठून पळालं.

"बोटं बरी आहेत," अंकल म्हणाले. "गिटार बरी आहे. वायर बरी आहे. आणि एवढ्या जोरात का मारतेस? कोणाचा राग आहे?" मी रडायलाच लागले. आनंदाने, सुटकेने, कशाने कोण जाणे. त्यांच्या बायकोने, रोझी आंटीने, गरम फुग्यांची ताटली माझ्यासमोर आणून ठेवली. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, बाहेरून लालसर, आत पोकळ. मी रडत रडत आठ खाल्ले. आंटी म्हणाली, रडताना एवढी भूक लागणारी मुलगी मी पहिल्यांदा बघितली.

मग अंकलनी मला समजावलं. बिघाड शोधताना घाईने दहा गोष्टी बदलायच्या नाहीत. बोटापासून सुरू करायचं आणि आवाज ज्या वाटेने जातो त्या वाटेने एकेक घर पुढे जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "बोट, गिटार, वायर झालं. आता राहिलं काय? अँप आणि पेटी. पेटीत दोन स्पीकर आहेत, तर एकेक सोडवून ऐक. नुसता कान लावून नाही. एक पूर्ण बंद करून."

"अप्पांनी बघितलंय. दोन्ही चालू आहेत."

"चालू असणं वेगळं," ते म्हणाले, "आणि दोघांनी एका दिशेने चालणं वेगळं. तुझ्या घरी टॉर्च आहे? मग त्यातला सेल काढ." आणि सेलने काय करायचं ते त्यांनी मला दोनदा म्हणून घेऊन पाठ करायला लावलं.

घरी पोचले तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. अप्पा आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. आईचं मशीन चालू होतं. मी गुपचूप पेटी भिंतीपासून ओढली आणि मागचे स्क्रू काढायला लागले. पेपराआडून आवाज आला, "काय चाललंय?" मी म्हटलं, काही नाही, बघतेय. "मी बघितलंय." हो अप्पा. पेपर परत वर गेला, पण पान काही उलटेना.

मी खालच्या स्पीकरची वायर सोडवली आणि नुसत्या वरच्यावर वाजवलं. अरे देवा! खर्ज आला. पूर्ण नाही, पण खरा, गोल, पोटात लागणारा. मग वरची सोडवून खालची जोडली. तोही छान. मग दोन्ही जोडले, आणि आवाज परत पातळ. मी तीनदा करून पाहिलं. एकटा वाजला तर भरदार, दोघं मिळून वाजले तर गायब. भावाने विचारलं, "म्हणजे दोन स्पीकर एकापेक्षा कमी?" आईने मशीन थांबवलं. "दोन जावा एका घरात असल्या की असाच होता," ती म्हणाली.

पेपर खाली आला होता. अप्पा खुर्चीतून बघत होते. मी टॉर्चमधला सेल काढला. अंकलनी शिकवलेलं असं: स्पीकरला मागे दोन टोकं असतात, एक अधिक, एक उणे. लाल वायर अधिकला, काळी उणेला. वायरींच्या दुसऱ्या टोकांना सेल टेकवला, लाल वायर सेलच्या टोपीला आणि काळी बुडाला, तर स्पीकरचा पडदा फट्कन बाहेर यायला हवा. मी भावाला पुढे पडद्यासमोर बसवलं. वरच्या स्पीकरला सेल टेकवला. "बाहेर आला!" भाऊ ओरडला. खालच्याला टेकवला. भाऊ आणखी पुढे वाकला. परत टेकवला. "उजू," तो म्हणाला, "हा आत जातोय."

म्हणजे दोन आठवडे एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता आणि त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढत होता. मी कितीही जोराने वाजवलं तरी ते एकमेकांचं केलेलं पुसून टाकत होते. जितका माझा जोर, तितकं त्यांचं भांडण. मला नाचावंसं वाटत होतं. पण मी नाचले नाही, कारण खालच्या स्पीकरची वायर कोणी जोडली होती हे खोलीतल्या चारही माणसांना ठाऊक होतं.

अप्पा उठले. गुडघ्यावर बसले, पेटीत डोकं घातलं. "शक्य नाही," ते आतून म्हणाले. "लाल वायर लाल खुणेलाच जोडलीय मी. ही बघ खूण." खरंच होती. वरच्या स्पीकरच्या अधिक टोकापाशी कंपनीने लावलेला लाल ठिपका होता, आणि खालच्याच्याही एका टोकापाशी लाल ठिपका होता. मग? अप्पांनी खालच्या ठिपक्यावर बोट घासलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग चष्मा लावून दुसऱ्या टोकाजवळ बघितलं. तिथे झिजून झिजून दिसेनासा झालेला, कंपनीचा खरा ठिपका होता.

अप्पा बाहेर आले. बोट खिडकीच्या उजेडात धरलं. "ह्यो कुकू असा," ते म्हणाले. एरवी घरातही मालवणी न बोलणारे अप्पा मालवणीवर आले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आई तिथूनच कडाडली, "म्हंजे? माजा कुकू चुकला? मी देवाक लावलंय, तुमच्या प्लसाक नाय!"

"पण त्याच जागेवर कित्याक लावलंस?"

"माका तेचा कपाळ तां दिसला! आणि कुकू आणि रंग वळखूक येयत नाय तां कसले तुमी फिटर?"

मग भावाला हसू फुटलं. मग मला. मग आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, तिच्या हसण्याने मशीनचं पायडल हलत होतं. आणि सगळ्यात शेवटी अप्पा. ते हसायला लागले की त्यांना थांबता यायचं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, तसं आलं. त्याच लाल बोटाने त्यांनी डोळे पुसले आणि गालभर कुंकू झालं. आईने ते बघितलं आणि ती परत सुरू झाली.

वायर अप्पांनीच उलटी करून जोडली. मला हात लावू दिला नाही. झाकण बसवलं, आठही स्क्रू आवळले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजव." मी सगळ्यात जाड तार सोडली. मांडणीवरचे डबे वाजले. खिडकीची काच बोलली. शेजारून नाडकर्ण्यांनी हाक मारली, "बोअरिंग मारताय काय हो?" माझ्या पायाच्या तळव्यांतून तो आवाज वर आला आणि मी, दिलखुलास, मोठ्यांदा हसले. दोन आठवड्यांनी. अप्पा पेटीवर हात ठेवून उभे होते. ते मला काही म्हणतील असं वाटलं. पण ते आईला चहा टाकायला सांगून परत खुर्चीत जाऊन बसले. मी कप काढले. वडील आणि मुलगी यांच्यात काही गोष्टी चहावर निभावून न्यायची तेव्हा रीत होती.

शुक्रवारी तालमीला निघाले तर अप्पा कामावरून लवकर आलेले, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "पेटी जड आहे. मी येतो." एवढी वर्षं ती पेटी मी आणि भाऊ उचलत होतो, तेव्हा ती जड नव्हती. रिक्षात पेटी आडवी घातल्यावर अप्पांना जागा उरली नाही. ते रिक्षामागून चालत आले, आणि रिक्षावाल्यानेही बिचाऱ्याने गाडी पायी चालण्याच्या वेगाने नेली. वाटेत मी ठरवून टाकलं होतं. दिनूदादाला सांगायचं, एक वायर सैल होती, घट्ट केली. कोणी, कधी, काही नाही. अप्पांचं नाव येऊ द्यायचं नाही. गल्लीतले अर्धे पंखे त्यांच्या शब्दावर फिरत होते.

हॉलमध्ये विनय डाव्या हाताने बेसचे सूर घोटत बसला होता. दिनूदादाने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, अप्पांकडे बघून जरा चपापला. "काका, तुम्ही? काय गं, उजू, सापडला का बिघाड?" मी घाईने म्हटलं, "हो, एक वायर जराशी सैल होती, म्हणजे..."

"सैल नव्हती," अप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हॉलमधल्या एका बाकावर पेटी ठेवून ते पुढे आले, दिनूदादाच्या अगदी समोर. माझे अप्पा उंचीने फार नव्हते. पण त्या दिवशी ताठ उभे होते. "वायर मी जोडली. उलटी जोडली. चूक माझी. दोन आठवडे ही पोरगी बरोबर वाजवत होती आणि मी म्हटलं वाजवणाऱ्याचं बघा. तूही तेच म्हटलंस. आपण दोघं चुकलो." मग म्हणाले, "मी सांगितलं. आता तुझं तू बघ."

मला कुठे बघावं कळेना. हा माणूस यंत्राच्या बाबतीत चुकत नाही, असं ज्या गल्लीत सगळे म्हणायचे त्या गल्लीतल्या सात-आठ माणसांसमोर ते उभे होते. माझ्यासाठी. मी गिटार गळ्यात घातली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं, वायर लावली, आणि दिनूदादाने चार मोजायच्या आतच तार सोडली. बेसचं बटण अजून पूर्ण फिरवलेलं होतं, हे मी विसरलेच होते. आणि बोटं इतके दिवस कणीक मळून, चेंडू दाबून लोखंडासारखी झाली होती. जो आवाज निघाला, बाप रे! ढोलक आपोआप वाजला. गायिकांनी कानांवर हात ठेवले. फळ्यावरचा डस्टर खाली पडला. दिनूदादा दोन पावलं मागे सरकला आणि ओरडला, "अगं हळू! हळू! बाई, हळू वाजव!"

मी बटण मागे फिरवलं. हाताचा जोर कमी केला. मग नीट, मऊ, जसं मला अंकलनी शिकवलं होतं तसं, त्या गाण्याची सुरुवात वाजवली. तबला आला, गायक आला, आणि सगळे माझ्या सुरांवर येऊन बसले, जसे नेहमी बसायचे. दिनूदादा डोळे मिटून ऐकत राहिला. कडवं संपलं तेव्हा तो माझ्याकडे बघेना. कान लाल झाले होते त्याचे. तो कीबोर्डकडे वळला आणि म्हणाला, "विनय, डावा हात खिशात घाल."

विनय गुणी मुलगा. त्याने खरंच घातला. मुलुंडच्या दिवाळी पहाटेला, पणत्यांच्या उजेडात, नवे कपडे घालून बसलेल्या सगळ्या लोकांसमोर, पहिलं पूर्ण गाणं त्याने एका हाताने वाजवलं, दुसरा खिशात. आणि पहिल्या रांगेत, उटण्याचा वास येत असलेले अप्पा शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपराने ढोसून सांगत होते, "ती जाड तारांची वाजवते ना, ती माझी."